कायदा लिहितात तिथे आपली लेक का नसावी?

लेक पदवीधर झाली की घरात दोनच विषय निघतात. एक स्थळांचा आणि दुसरा भरतीचा. तलाठी भरती, पोलीस भरती, बी.एड., बँक, फार तर राज्यसेवेची परीक्षा. या वाटा वाईट आहेत असे कोण म्हणेल? पण आणखी एक वाट आहे आणि ती आपल्या गावांपर्यंत फारशी पोचलेली नाही, म्हणून आज तिच्याविषयी लिहायचे आहे. ही वाट आहे कायदेमंडळात अभ्यासाचे काम करण्याची. निवडणुकीला उभे राहण्याची नव्हे. निवडून गेलेल्या खासदारासाठी कागद वाचायचे, आकडे काढायचे, प्रश्न तयार करायचे, येणाऱ्या विधेयकात काय दडले आहे ते शोधायचे, असे हे काम आहे. शिकलेल्या तरुण मुलामुलींना त्यासाठी विद्यावेतन देऊन वर्षभर घेतात. इंग्रजीत याला फेलोशिप म्हणतात, आपण अभ्यासवृत्ती म्हणू.

“असल्या कामाचा आमच्या घराशी काय संबंध?” असे तुम्ही विचाराल. म्हणून दिल्लीला जाण्याआधी तुमच्या सात-बाऱ्याचीच गोष्ट घेऊ.

हिंदू वारसा कायदा १९५६ सालचा. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत मुलगा जन्मतःच हिस्सेदार, मुलगी मात्र नाही, अशी त्यात व्यवस्था होती. तिला मिळायचा तो बापाच्या वाट्यातला वाटा. आंध्र प्रदेशाने १९८६ मध्ये, तामिळनाडूने १९८९ मध्ये आणि महाराष्ट्राने १९९४ मध्ये आपापल्यापुरती ही चूक दुरुस्त केली. आपल्याकडे तारीख ठरली २२ जून १९९४. पण त्यात एक मेख होती. त्या तारखेआधी ज्या मुलीचे लग्न झाले ती या हक्काच्या बाहेर! म्हणजे एकाच बापाच्या दोन लेकी. थोरली त्या वर्षी मे महिन्यात उजवली, ती बाहेर. धाकटीचे लग्न पुढच्या वर्षी झाले, ती आत. आपल्याकडे लग्ने उन्हाळ्यातच होतात. तेव्हा त्या एका ओळीने किती घरांत दोन बहिणींत दोन न्याय झाले असतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

पुढे केंद्र सरकारने साऱ्या देशासाठी दुरुस्तीचे विधेयक आणले. ते राज्यसभेत मांडले गेले २० डिसेंबर २००४ रोजी. त्या मसुद्यातही लग्न झालेल्या मुलींना वगळणारी तीच ओळ होती. आणि आणखी एक काटा होता, तो सहजासहजी दिसण्यासारखा नव्हता. मूळ कायद्याच्या चौथ्या कलमाला एक पोटकलम होते. जमिनीचे तुकडे होऊ नयेत म्हणून, कमाल जमीनधारणेसाठी किंवा कुळाचा हक्क पुढे कोणाकडे जावा यासाठी राज्यांनी जे कायदे केले, त्यांना वारसा कायद्याची बाधा येणार नाही, असे ते पोटकलम सांगत होते. वाचताना अगदी निरुपद्रवी वाटते. पण अर्थ असा, की घर, दुकान, सोने यांत लेकीला वारसा कायद्याने वाटा, आणि शेतजमिनीचा विषय आला की बोट राज्याच्या कायद्याकडे. उत्तरेकडच्या काही राज्यांत तो कायदा मुलग्यालाच पुढे करणारा होता. आता ज्या देशात बहुसंख्य कुटुंबांची खरी मिळकत म्हणजे शेत, तिथे शेत वगळून वाटा देणे म्हणजे भाकरी झाकून ठेवून चटणी वाढण्यासारखेच झाले.

नव्या विधेयकाने या पोटकलमाला हातच लावला नव्हता. विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडे गेले. बीना अगरवाल नावाच्या अर्थशास्त्राच्या विदुषी आहेत. त्यांनी स्त्रिया आणि शेतजमीन या विषयाचा अनेक वर्षे अभ्यास केला होता. त्यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या स्त्रियांनी हे पोटकलम नेमके हेरले. नुसत्या घोषणा देऊन त्या थांबल्या नाहीत. टिपणे काढली, निवेदने दिली, खासदारांना आणि मंत्र्यांना अर्थ समजावून सांगितला. शेवटी कायदा झाला तेव्हा ते पोटकलम गळाले आणि लग्न झालेल्या लेकींना वगळणारी ओळही गेली. ९ सप्टेंबर २००५ पासून हा कायदा लागू आहे.

या गोष्टीचा शेपटाकडचा भागही ऐकण्यासारखा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी सांगितले, की हा हक्क मुलीला जन्माने मिळतो. २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत वाटणीपत्राने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने वाटण्या झाल्या असतील तर त्या उकरून काढता येत नाहीत. वकिलाच्या तोंडून ही तारीख तुमच्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. ती कुठून आली हे आता तुमच्या ध्यानात आले असेल. विधेयक मांडले त्याच दिवसाची ती तारीख.

कायदा झाला म्हणजे जमीन हातात आली असे नव्हे, हे मलाही कळते. हक्कसोड पत्रावर बहिणीची सही कशी घेतात आणि सही दिली नाही तर माहेरचा रस्ता कसा बंद होतो, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको. तो विषय वेगळा आणि मोठा आहे. इथे सांगायचे ते एवढेच, की तुमच्या बांधापर्यंत येणारा कायदा दोन-चार ओळींत बसतो आणि त्या ओळी वेळेवर वाचणारे कोणी असेल तरच त्या बदलतात.

मग खासदार काय करतात, असे तुम्ही म्हणाल. त्यांचा दिवस बघा. महाराष्ट्रातल्या एका लोकसभा मतदारसंघात सरासरीने अठरा-वीस लाख मतदार. सकाळपासून दारात माणसे. कोणाला दवाखान्यासाठी चिठ्ठी हवी, कोणाचे रोहित्र जळाले, कोणाच्या लेकाची बदली अडली. त्यातून लग्ने, उद्घाटने, सांत्वनाच्या भेटी. आपण त्यांना लग्नाला बोलावतो आणि आले नाहीत तर रागावतो. विधेयक वाचले का म्हणून आपल्यापैकी कितीजण विचारतात? त्यांच्या कचेरीत स्वीय सहायक असतो, पण तो पत्रे आणि फोन सांभाळतानाच थकतो. शंभर-दीडशे पानांचे इंग्रजी विधेयक वाचून त्यातली मेख काढायला सवड कोणाला?

हीच उणीव ओळखून दिल्लीत पी.आर.एस. लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेने २०१० साली एक अभ्यासवृत्ती सुरू केली. संस्था स्वतः २००५ पासून कायदेमंडळाच्या कामकाजाचा अभ्यास करते. या अभ्यासवृत्तीचे नाव लांबलचक आहे, पण आद्याक्षरे घेऊन सगळे तिला ‘लॅम्प’ म्हणतात, म्हणजे दिवाच. कोणत्याही शाखेची पदवी आणि पंचविशीच्या आतले वय, एवढ्या तिच्या मुख्य अटी राहिल्या आहेत. निबंध लिहून घेतात, मुलाखत घेतात. निवड झाली की आधी शिकवण, मग एका खासदाराकडे नेमणूक. पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशन संपेपर्यंत, साधारण दहा-अकरा महिने त्या एका खासदाराचे काम करायचे. खासदार कोणत्याही पक्षाचा असू शकतो. मुले आणि मुली दोघांनाही ती खुली आहे. बी.ए. झालेली चालते तशी कृषी पदवीधरही चालते.

काम कसे असते ते उदाहरणानेच सांगितलेले बरे. कांद्याचे घ्या. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ४० टक्के निर्यातशुल्क बसले. ते सप्टेंबरात २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ ला पूर्ण गेले. या दिवसांत नाशिक-नगरकडचा खासदार लोकसभेत बोलणारच. पण बोलणे आणि विचारणे यांत फरक आहे. “कांदा उत्पादकांच्या अडचणींबाबत सरकार काय करीत आहे?” असा ढोबळ प्रश्न टाकला, तर “सरकार शेतकऱ्यांच्या हितासाठी कटिबद्ध आहे” असे तेवढेच ढोबळ उत्तर येते. त्यातून ना मंत्री अडकतो, ना शेतकऱ्याच्या पदरात काही पडते.

आता हाच प्रश्न असा विचारा. नाफेडने कोणत्या जिल्ह्यातून किती टन कांदा घेतला? त्यातला थेट शेतकऱ्याकडून किती आणि मधल्या संस्थांकडून किती? सरासरी भाव काय दिला? पैसे खात्यावर किती दिवसांत जमा झाले? साठवणुकीत घट किती धरली? असा प्रश्न आला की मंत्रालयाला आकडे काढावेच लागतात. ते उत्तर कायमचे नोंदीत राहते आणि पुढच्या अधिवेशनात त्यावरच उलट प्रश्न विचारता येतो. लोकसभेत रोज २० तारांकित प्रश्न निवडले जातात. त्यांची उत्तरे मंत्र्याला उभे राहून द्यावी लागतात आणि जागच्या जागी पुरवणी प्रश्न येतात. आणखी २३० अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तरे मिळतात. नोटीस मात्र निदान पंधरा दिवस आधी पोचली पाहिजे.

आता मला सांगा, वरच्या प्रश्नातला ‘घट किती धरली’ हा तुकडा कोणाला सुचेल? ज्या मुलीने चाळीत बसून सडका कांदा निवडला आहे तिला, का दिल्लीच्या उत्तम कॉलेजातून आलेल्या पण कांद्याची चाळ चित्रातच पाहिलेल्या मुलीला? दुसरीची हुशारी कमी असे मी म्हणत नाही. पण अडत, हमाली, तोलाई हे शब्द घरात ऐकत वाढलेली मुलगी त्या खोलीत असली पाहिजे. नसली तर प्रश्न विचारणाऱ्यालाच विचारायचे काय ते उमजत नाही.

शेतकरी स्त्रीचेच पाहा. शेतात राबते ती, पण सात-बाऱ्यावर नाव नाही म्हणून शेतकरी म्हणवून घ्यायला कागद नाही. कर्ज, विमा, अनुदान सगळे त्या उताऱ्याला बांधलेले. हरितक्रांतीचे शास्त्रज्ञ डॉ. एम. एस. स्वामिनाथन राज्यसभेचे नियुक्त सदस्य असताना त्यांनी ११ मे २०१२ रोजी महिला शेतकऱ्यांच्या हक्कांसाठी खासगी विधेयक मांडले. जमीन नावावर असो वा नसो, शेती करणाऱ्या बाईला तसा दाखला मिळावा आणि त्यावर कर्ज, पाणी वगैरे मिळावे, असा त्याचा आशय. एप्रिल २०१३ मध्ये त्यांची मुदत संपली आणि विधेयकही निकालात निघाले. खासगी विधेयकांचे नशीब तसेच असते. १९७० नंतर एकही खासगी विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालेले नाही. तरी ते मांडणे वाया जात नाही, कारण मसुदा तयार राहतो आणि पुढे कोणी हात घातला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. असे मसुदे तयार करण्यात हात लावणे हाही या मुलामुलींच्या कामाचा भाग असतो.

परदेशात बायकांनी हे फार आधी ओळखले. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या एका स्त्री-अभ्यास संस्थेने १९८० पासून केवळ स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करण्यासाठी अशी अभ्यासवृत्ती चालू केली. पदवीच्या पुढचे शिक्षण घेणाऱ्या मुलींना काही महिने तिथल्या संसद सदस्यांच्या कचेऱ्यांत बसवायचे आणि त्या विधेयकांकडे बायकांच्या नजरेने पाहतील असे बघायचे, ही कल्पना. सभागृहात बायका मूठभर, तेव्हा निदान कागद हाताळणाऱ्यांत तरी त्या असाव्यात, हे त्यामागचे शहाणपण मला पटते.

आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. पण २०२४ च्या निवडणुकीत ५४३ जणांच्या लोकसभेत निवडून गेल्या ७४ स्त्रिया. महाराष्ट्राच्या ४८ खासदारांत ७. लोकसभा-विधानसभेत एकतृतीयांश जागा स्त्रियांना देणारी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली, पण तिची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना यांच्याशी बांधली गेली.

या आरक्षणाची एक जुनी गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत आधीचे महिला आरक्षण विधेयक १८६ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाले. ते एक विरोधी मत कोणाचे? शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचे. ज्यांनी १९८६ साली चांदवडला शेतकरी बायकांचे भव्य अधिवेशन भरवले आणि लक्ष्मीमुक्ती मोहिमेतून शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला लावली, तेच शरद जोशी. त्यांची हरकत स्त्रियांना नव्हती, राखीव मतदारसंघ फिरते ठेवण्याच्या पद्धतीला होती. बाईने पाच वर्षे मतदारसंघ बांधायचा आणि पुढच्या वेळी तो तिच्या हातून जायचा, यात ती रुजणार कधी? ज्या सरपंच बाईचे आरक्षण पुढच्या वेळी उठले आहे तिला हे लगेच कळेल. त्यांचे मत तुम्हाला पटो न पटो, पण विधेयक वाचून दिलेले ते मत होते. २०२३ च्या दुरुस्तीत राखीव जागा दर निवडणुकीला न बदलता प्रत्येक फेररचनेनंतर बदलतील असे धरले आहे. हे फरक वर्तमानपत्राच्या मथळ्यात येत नाहीत.

आता अडचणींकडे येतो, कारण त्या लपवून लेकीला दिल्लीला पाठवा म्हणणे बरे नाही.

पहिली अडचण इंग्रजीची. अर्ज, निबंध, मुलाखत, विधेयके सगळे इंग्रजीत. मराठी शाळेत शिकलेल्या मुलीचे पाय इथेच लटपटतात. पण हे कवितेचे इंग्रजी नव्हे. कायद्याच्या भाषेत तेच तेच दोन-अडीचशे शब्द फिरून फिरून येतात. रोज एक पान वाचून त्याचा अर्थ मराठीत लिहून काढला, तर वर्षभरात भीती मोडते. शिवाय संसदेत सदस्याला मराठीत बोलता येते, तेव्हा मराठीत नेटके टिपण लिहिणारी मुलगी आपल्याकडच्या खासदाराला हवीच असते.

दुसरी अडचण पैशाची, आणि ती मला जास्त खरी वाटते. ‘लॅम्प’चे विद्यावेतन महिना वीस हजारांच्या आसपास राहिले आहे. गावच्या हिशेबाने ही रक्कम बरी. पण दिल्लीत मुलीला सुरक्षित वस्तीत खोली, जेवण, जाणे-येणे धरले तर महिनाअखेरीस हातात काही उरत नाही, उलट घरून थोडे पाठवावे लागते. ज्या घरात सोयाबीनचे पैसे आले तर फी भरली जाते, त्या घरच्या मुलीला हे जड जाते. अशा अभ्यासवृत्त्या देणाऱ्यांनी खेड्यातल्या मुलींच्या राहण्याची वेगळी सोय केली पाहिजे, नाहीतर सुखवस्तू घरांतल्या मुलीच तिथे दिसत राहतील.

तिसरी अडचण लग्नाची. पंचविशीची अट आणि स्थळे बघण्याचे वय एकच! “एवढे एक वर्ष थांबा” हे वाक्य आई बोलू शकत नाही, आजी ऐकत नाही. ते बापानेच बोलायला हवे. मुलगा अभ्यासाला म्हणून पुण्याला तीन-तीन वर्षे राहिलेला आपल्याला चालतो. मुलीच्या अकरा महिन्यांचा एवढा बाऊ कशाला?

दिल्ली दूर वाटत असेल तर आपल्याच राज्यात पायरी-पायरीने जाता येते. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विधिमंडळातर्फे राज्यशास्त्र आणि लोकप्रशासन शिकणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग वर्षानुवर्षे भरत आला आहे. मुलगी एम.ए. करीत असेल तर विभागप्रमुखांना तिने विचारावे. सभागृह कसे चालते ते गॅलरीतून डोळ्यांनी दिसते. विधिमंडळाच्या प्रशिक्षण केंद्राला वि. स. पागे यांचे नाव आहे. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे हे पागे. रोजगार हमीची कल्पना त्यांनी आधी तिथे राबवून पाहिली, मग १९७७ साली तिचा राज्यात कायदा झाला. गावात बसून पाहिलेली गोष्ट कायद्यात कशी उतरते याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ मध्ये सुरू झाली. मधे ती बंद होती, २०२३ पासून पुन्हा चालू झाली. तिथे काम कायदेमंडळाचे नसून शासनाच्या खात्यांचे असते, पण धोरण कसे ठरते ते आतून कळते. अलीकडच्या जाहिरातींत ६० जागा होत्या आणि त्यातल्या एकतृतीयांश स्त्रियांसाठी. वय २१ ते २६, पदवीला ६० टक्के गुण आणि एक वर्षाचा कामाचा अनुभव मागितला होता. मराठी चांगले यावे ही अटच आहे. अनुभवाची अट लक्षात ठेवा. शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली की मुलीला घरी बसवू नका. संस्था, सहकारी बँक, शेतकरी उत्पादक कंपनी, कुठेही वर्षभर काम करू द्या आणि त्याचे रीतसर पत्र घ्या.

आणि तयारीची सुरुवात करायला कुठे जावे लागत नाही. आपल्या कायद्याप्रमाणे ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. तुमच्या गावात ती होते, की वहीत सह्या घेऊन संपवतात? लेकीला तिथे पाठवा. मागच्या सभेचे ठराव मागू द्या, त्यातल्या एका ठरावाचे पुढे काय झाले ते शोधू द्या, आणि घरी येऊन अर्ध्या पानाचे टिपण लिहू द्या. मग खासदारांनी आपल्या तालुक्याविषयी संसदेत कोणते प्रश्न विचारले तेही तिला काढता येईल. ती प्रश्नोत्तरे संसदेच्या संकेतस्थळावर सर्वांना खुली आहेत, मोबाइलवरही दिसतात. असे दहा-बारा टिपणांचे कागद फायलीत लागले, की अभ्यासवृत्तीच्या अर्जासोबतचा निबंध तिला कोणाकडून लिहून घ्यावा लागणार नाही. जाहिरातींच्या तारखा आणि अटी दर वर्षी बदलतात, म्हणून संस्थेच्या आणि शासनाच्या संकेतस्थळावर तिने स्वतः पाहावे. वयाचा हिशेब मात्र आजच करून ठेवा.